पाटीपुरतं लंगडणं

मी पाय करायचो. सुट्टीवर गावी गेलो की कुडाळच्या एसटी स्टँडवर कुणीतरी हमखास गाठायचं आणि विचारायचं, "थयसर नेमक्या काय करतस रे तू?" मी सांगायचो, "पाय करतंय." समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, मग स्वतःच्या पायांकडे, आणि मग आंब्याचा मोहोर यंदा कसा आहे ते बोलायला लागायचा. आमच्या गावातून कुवेतला गेलेले गवंडी होते, सुतार होते, ड्रायव्हर होते. पाय करणारा मी एकटाच. बायकोच्या माहेरी तर बरीच वर्षं अशी समजूत होती की जावई चपलांच्या दुकानात आहे. मी ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. चपलांच्या दुकानातल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत कुणी कापलेल्या पायांबद्दल विचारत नाही.

काम सांगायला सोपं आहे. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, साचा काढायचा, त्या साच्यावरून एक वाटी तयार करायची. तिला आम्ही सॉकेट म्हणतो. उरलेला पाय त्या वाटीत बसतो. वाटीखाली नळी, नळीखाली पाऊल. खरी मेख जोडणीत असते. वाटी आणि नळी यांच्यामध्ये बारीक स्क्रू असतात. त्यातला एखादा अर्धा फेरा इकडे फिरवला तर माणूस संध्याकाळी बागेत निघाल्यासारखा चालतो, तिकडे फिरवला तर दर पावलाला खड्ड्यात पडतो. लोकांची चाल माझ्या खिशातल्या एका वाकड्या पान्यावर अवलंबून असायची, आणि मला त्याची चांगलीच घमेंड होती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका व्यापाऱ्याला नवा पाय त्याच्या खऱ्या पायापेक्षा एक छटा गोरा हवा होता. मी म्हटलं, दोन पाय दोन रंगांचे दिसतील. तो म्हणाला, "मग काय? हा नवा आहे ना!" पण बहुतेक सगळे साखरवाले. कुवेतमध्ये पाय जायची दोन मोठी कारणं होती, भरधाव गाड्या आणि मधुमेह. अरबीत साखरेला सुक्कर म्हणतात आणि त्या रोगालाही लोक सुक्करच म्हणायचे. आमच्या इस्पितळात पाय नसलेला माणूस दारातून आत आला की नर्स त्याचं नाव विचारायच्या आधी बोटाला सुई टोचायची.

या सुईवर एका माणसाचा फार राग होता. त्यांचं नाव अबू फहद, म्हणजे फहदचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावानेच बापाला हाक मारतात. सैन्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. त्र्याहत्तरच्या इस्रायलविरुद्धच्या लढाईत कुवेतने सीरियाच्या आघाडीवर सैनिक पाठवले होते, त्यात हे होते आणि डावा पाय गुडघ्याखाली तिथेच राहिला. माझ्याकडे आलेल्यांत लढाईत पाय गेलेला हा एकच माणूस. बाकीच्या जगाला मात्र ते साखरवाले वाटायचे. नर्स सुई टोचायची, साखर व्यवस्थित निघायची, नर्सचा विश्वास बसायचा नाही, ती दुसऱ्या बोटाला टोचायची. मग अबू फहद बोटं चोखत आमच्या वर्कशॉपमध्ये यायचे आणि म्हणायचे, "सदीक, या इस्पितळात मी लढाईपेक्षा जास्त रक्त सांडलंय."

सदीक म्हणजे दोस्त. कुवेतमध्ये प्रत्येक हिंदी, म्हणजे भारतीय माणसाला सदीक म्हणतात, त्यामुळे त्यात हुरळून जाण्यासारखं काही नव्हतं. पण अबू फहद म्हणायचे तेव्हा ते खरं वाटायचं. त्यांचे वडील गलबतावरून खजूर घेऊन मुंबईला जायचे आणि येताना लाकूड आणि हिंदी भाषा घेऊन यायचे. ती हिंदी मुलाकडे आली होती. आमचं बोलणं हिंदी-अरबीच्या खिचडीत चालायचं, इथे मी ते बरंचसं मराठीत लिहितोय.

नव्वद सालच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते एक बातमी घेऊन आले. जायबंदी झालेल्या माजी सैनिकांना गाडीसाठी खास नंबरप्लेट मिळणार होती. तिच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, शेजारी सैन्याचा उल्लेख. ती असली की गाडी कुठल्याही दाराच्या तोंडाशी लावता येणार. कुवेतच्या जुलैत पार्किंगपासून दारापर्यंत चालणं म्हणजे तव्यावरून चालणं, त्यामुळे मला वाटलं सोय झाली. अबू फहदनी माझ्याकडे मंद मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

"पार्किंग गेलं खड्ड्यात. त्यावर लिहिलेलं असतं, सदीक. मी सैनिक होतो असं सरकार लिहून देणार, आणि गाडीच्या मागे लावणार. मग मला कुणाला काही सांगायला नको."

त्यांना एवढंच हवं होतं. पाय कुठे गेला ते लोकांना न सांगता कळावं.

नियम मी स्वतः समजून घेतले होते, कारण समितीपुढे अर्जदाराबरोबर पाय करणाऱ्यानेही जायचं हा त्यातलाच एक नियम होता. इजा नोकरीत झालेली हवी, कायमची हवी, गाडी अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर हवी, मुलाच्या नावावरची चालणार नाही. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पुढचं कलम असं, की समितीच्या कार्यालयातला व्हरांडा अर्जदाराला विनासायास चालून जाता आला तर तो पाटीला पात्र नाही. मग कुणीतरी शंका काढली असणार की अर्जदार मुद्दाम पाय न लावताच आला तर? म्हणून आणखी एक कलम: सरकारने दिलेला पाय लावूनच चालायचं, नाहीतर उपचार नाकारले असं धरून अर्ज फेटाळला जाईल. म्हणजे पाय गेल्याबद्दल पाटी, पण आम्ही केलेला पाय चांगला निघाला तर पाटी नाही. नियम करणाऱ्यांचा माझ्या कामाबद्दल काय अंदाज होता ते यावरून कळावं.

हे सगळं आज मी इतक्या शहाणपणाने लिहितोय. तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. समितीपुढे जायचं म्हटल्यावर मी अबू फहदसाठी नवाकोरा पाय करायला घेतला. परीक्षक बघणार, तेव्हा काम नजरेत भरलं पाहिजे. लेकीला बघायला येणार म्हणून घर सारवावं तसा मी त्या पायामागे लागलो होतो. अबू फहदनी नवा पांढरा दिशदाशा शिवला, म्हणजे तो पायघोळ अंगरखा, आणि त्याला अशी इस्त्री केली की कडेने बोट कापावं.

समिती शर्क भागात एका जुन्या इमारतीत बसायची. प्रमुख डॉक्टर चांगले धष्टपुष्ट होते, खुर्चीतून उठले तरी धापा टाकायचे. त्यांनी व्हरांड्याकडे हात केला. अबू फहद निघाले. काय चालले! खांदे सरळ, नजर समोर, दोन्ही टाचांचा आवाज एकसारखा. टोकाला जाऊन त्यांनी कवायतीतल्यासारखी गिरकी घेतली आणि तसेच परत आले. मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो.

"माशाल्ला," प्रमुख डॉक्टर म्हणाले. "हा गृहस्थ माझ्यापेक्षा चांगला चालतो. ती पाटी मलाच द्या." सगळे हसले, आम्हीही हसलो. ते का हसले ते आम्हाला अर्जावरचा नकाराचा शिक्का बघितल्यावर कळलं.

गाडीत बसल्यावर अबू फहदनी नव्या पायावर एक चापट मारली. मग म्हणाले, "ये क्या बनाया तू? इतना अच्छा क्यों बनाया?" गिऱ्हाइकाची अशी तक्रार मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

मी तेव्हा बनेद अल-गारला एका खोलीत राहायचो. बरोबर तुका होता, देवगडकडचा, गॅरेजमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकणारा आणि रंगवणारा. आम्ही दोघेही बायका-पोरं गावी ठेवून आलेले, त्यामुळे खोलीत भांडायला आम्हीच एकमेकांना. त्या दिवशी मी बांगड्याची कढी ढवळत त्याला ही गोष्ट सांगितली. तुका इतका हसला की त्याला ठसका लागला.

"अरे, मगे पाय वायट कर मा! तेच्यात काय आसा? इन्शुरन्साचो माणूस येवच्या आदी आमी काय करतंव? चेपललो पत्रो आणखी दोन ठोके मारून चेपवतंव. तेका बरां दिसाक होया मा!"

"माणसाचा पाय आहे तो, तुक्या."

"बघणारो तसलोच मा. पत्रो काय नि पाय काय."

मला राग आला, पण रात्रभर विचार केल्यावर तुक्याच्या म्हणण्यात नियमांत बसणारं काहीतरी आहे हे लक्षात आलं. अबू फहद पात्र होते यात शंकाच नव्हती. अपात्र माझा पाय होता.

त्यांना पुन्हा अर्ज करायला लावला आणि पाय वर्कशॉपमध्ये घेतला. नळी बोटभर आखूड केली, टाचेकडचा स्क्रू फिरवला. सर्वसाधारण माणूस यावर चांगला लंगडला असता. अबू फहद लंगडेनात. ज्याने उभं आयुष्य कवायत केली त्याचं शरीर मेल्यावरही वाकडं चालणार नाही. पाय आखूड केला तर ते कंबर उचलून भरून काढायचे, टाच बिघडवली तर गुडघा सावरून घ्यायचे. मी म्हणायचो, "लंगडा ना जरा!" ते म्हणायचे, "लंगडतोच आहे!" आणि ताठ चालत जायचे. शेवटी मी आणखी फेरा दिला. तेव्हा कुठे ते लंगडले, आणि लंगडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही.

समितीपुढे या वेळी व्हरांडा संपता संपेना. अर्ध्यावर अबू फहदनी भिंतीला हात टेकला. ते नाटक नव्हतं. घामाने पाठीवरचा दिशदाशा ओला झाला होता. प्रमुख डॉक्टर धापा टाकत स्वतः उठले आणि त्यांनी त्यांचा दंड धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाय असा करतात? मागच्या वेळी काय छान होता. लाज वाटत नाही, सैनिकाला असलं काही देताना?" पाटी मंजूर झाली. इस्पितळाला एक पत्र गेलं की तंत्रज्ञाच्या कामाचा दर्जा घसरला आहे, लक्ष द्यावं.

जिना उतरून आम्ही गाडीत बसलो. मग अबू फहद हसायला लागले. "तुझी इज्जत गेली, माझी आली. हिशेब बरोबर."

पाटी तुक्यानेच बसवली. अबू फहद आता रोज शर्कच्या मासळी बाजारात जायला लागले. मासळी नको असली तरी जायचे. दारातली जागा घ्यायची, उतरायचं, गाडीच्या मागच्या बाजूला टेकून उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. बाजारातले लोक पाटी वाचायचे, कुणी विचारायचं कुठली लढाई, आणि अबू फहद सांगायचे. पुरं सांगायचे. घरी मासळी इतकी जायला लागली की त्यांची बायको वैतागली.

मी पाय पुन्हा सरळ करून देतो म्हटलं तर नको म्हणाले. "पूर्ण सरळ नको. पाटीवर खुर्चीचं चित्र आणि मी हरणासारखा चाललो तर लोक शंका घेतील. अर्धं लंगडणं राहू दे." तर मी अर्धं लंगडणं ठेवलं. माझ्या कारकिर्दीत मापाने लंगडणं करून दिलेला हा एकमेव पाय.

पाटी लागून थोडेच दिवस झाले असतील, ऑगस्ट उजाडला. एका सकाळी दस्मान राजवाड्याच्या बाजूने धडाके ऐकू येऊ लागले. तुका झोपेतच म्हणाला, "शिलिंडर फुटलो आसतलो खयतरी." मग आणखी पाच-पन्नास शिलिंडर फुटले तेव्हा तो उठून बसला. दुपारपर्यंत रस्त्यावर इराकी रणगाडे होते. देश गेला होता आणि आम्ही भाजी आणायला कधी खाली उतरायचं याची चर्चा करत होतो.

इस्पितळ चालू राहिलं, म्हणून मीही जात राहिलो. काही दिवसांनी खोलीच्या मालकाकडे माझ्यासाठी फोन आला. अबू फहद होते. "सदीक, पाय घासतोय. तुझ्या गॅरेजवाल्या मित्राला घेऊन ये." पाय घासला तर गॅरेजवाला कशाला लागतो हे मला विचारावं लागलं नाही. इराकी सैनिक नाक्यानाक्यावर गाड्या थांबवून कुवेती सैन्यातली माणसं शोधत होते. आणि अबू फहदच्या गाडीच्या मागे त्यांनी स्वतः हट्टाने लावून घेतलेलं होतं की इथे सैनिक बसलेला आहे.

आम्ही पोचलो तेव्हा घरात जळलेल्या कागदांचा वास होता. बायकोने सैन्यातली सगळी कागदपत्रं, फोटोसुद्धा, स्वयंपाकघरात जाळून टाकले होते. तुक्याने अंगणात पाटी उतरवली, घरात पडलेली जुनी साधी पाटी पुन्हा लावली आणि पत्रा कापायची कात्री काढली. कापताना पाटी हलायला लागली तशी अबू फहद पुढे झाले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. तुक्याने ती कापली. तुकडे झाले ते कचऱ्याच्या पिंपात टाकले आणि वर भाताचं खरकटं ओतलं.

मग अबू फहद खुर्चीत बसले आणि पाय पुढे केला. "ते अर्धं लंगडणं काढ. इतका सरळ कर की पाय खरंच गेलाय का अशी मला स्वतःला शंका आली पाहिजे."

मी माझं सगळं कसब लावलं. त्या दिवशी मी जोडणी केली तशी त्यानंतर पुन्हा कधी जमली नाही. आधी ज्या सरळ चालीपायी पाटी नाकारली गेली तीच आता जीव वाचवणार होती, त्यामुळे माझी घमेंड मला परत मिळाली.

पंधरवड्याने त्यांना सॉकेट खरंच घासायला लागलं. पाय बारीक झाला होता, जेवण कमी झाल्यावर होतो तसा. मी पांढरा कोट घालून त्यांच्याबरोबर इस्पितळाकडे निघालो. वाटेत नाका लागला. सैनिकाने खाली उतरायला सांगितलं. अबू फहद उतरले, गाडीला वळसा घालून आले, कुणाला काही कळलं नाही. पण सैनिक अंगझडती घेत होता. हात खाली गेला आणि थांबला. त्याने बंदुकीच्या दस्त्याने पोटरीवर हळूच ठोकलं. टक्कन आवाज झाला.

"कुठे गेला हा?" सैनिकाने विचारलं.

अबू फहद समोर बघत राहिले. सैनिकाने पुन्हा विचारलं, आता बंदूक नीट हातात घेऊन. मी त्यांच्या जबड्याकडे बघितलं आणि मला कळलं की हा माणूस खोटं बोलणार नाही. खरं बोलेल किंवा गप्प राहील, आणि दोन्हींचा शेवट एकच होता.

"सुक्कर!" मी ओरडलो. "सुक्कर, सुक्कर! मी इस्पितळातला. पेशंट आहे माझा. साखर फार!"

सैनिकाने माझ्या कोटाकडे बघितलं. आणि मग त्याचा चेहराच बदलला. त्याच्या आईला सुक्कर होतं. अंगठ्याला जखम होती, भरत नव्हती. पाय कापावा लागेल का? मी त्याला सांगितलं की आईला अनवाणी फिरू देऊ नकोस, बोटांच्या बेचकीत ओल राहू देऊ नकोस, रोज पाय तपासायला सांग. तो मन लावून ऐकत होता, अधूनमधून पुन्हा विचारत होता. अबू फहद दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि मी शत्रूच्या आईचे पाय वाचवत होतो. शेवटी सैनिकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अल्ला बरं करो, काका," म्हणाला आणि दार उघडून दिलं.

अबू फहदनी पुढचं वळण घेतलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पहिल्यांदा पाय कापला तेव्हा भूल दिली होती."

मी म्हटलं, "तुम्ही जिवंत आहात."

"हो," ते म्हणाले. "साखरवाला जिवंत आहे."

त्यानंतर ते वर्कशॉपला आले नाहीत. हिंदी लोकांना बसने अम्मानला नेऊन तिथून विमानाने घरी पाठवत होते. तुका आणि मी शरदाच्या सुमाराला निघालो. निघायच्या आधी मी फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला आणि म्हणाली, झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते. अबू फहद पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर कधी झोपत नसत. मी सांगितलं, उठले की सलाम सांगा. मला फार वाईट वाटलं. आजही तो फोन ठेवल्याचं आठवलं की वाटतं, टॅक्सी करून जाऊन यायला हवं होतं.

एक्याण्णव साली कुवेत सुटल्यावर इस्पितळाने बोलावलं आणि मी परत गेलो. तुका गेला नाही, त्याने गावी गॅरेज टाकलं. आभाळात तेलविहिरींचा धूर होता, दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागायचे. आमचं वर्कशॉप लुटलेलं होतं. भट्टी नेली, यंत्रं नेली, प्लास्टरची पोतीसुद्धा नेली. पावलांचा खोका मात्र जागेवर होता. त्यात सगळी डावीच पावलं होती, लुटणाऱ्याने बहुधा विचार करून ठेवून दिली. आणि गिऱ्हाइकं बदलली होती. साखरवाले मागे पडले. आता सुरुंगावर पाय पडलेले येत होते, वीस-बावीस वर्षांचे.

अबू फहद एक दिवस दारात उभे राहिले. वाळले होते, हातात काठी होती. सॉकेट इतकं सैल झालेलं की त्यांनी आत टॉवेलचे तुकडे कोंबले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "सदीक, आता बनव लंगडणारा पाय. या वेळी लंगडणं फुकट मिळेल, मेहनत नाही." मी त्यांना मिठी मारली. नाक्यावरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पाटी पुन्हा हवी होती. या वेळी पार्किंगसाठीसुद्धा. दुसऱ्या गुडघ्यानेही कुरकूर सुरू केली होती, आणि बाजाराच्या दारापर्यंतचं अंतर त्यांना आता खरोखरच जड जात होतं. मी सोबत गेलो.

नवं कार्यालय, नवे नियम. समिती नाही, व्हरांडा नाही, चालून दाखवायचं नाही. नुसत्या खिडक्या होत्या. एक युद्धात जायबंदी झालेल्यांची, दुसरी आजाराने किंवा अपघाताने अपंग झालेल्यांची. पहिल्या खिडकीवर सैन्याचा उल्लेख असलेली पाटी, दुसऱ्या खिडकीवर नुसतं खुर्चीचं चित्र. आम्ही पहिल्या रांगेत उभे राहिलो.

"इजा कधीची?" कारकुनाने विचारलं.

"त्र्याहत्तर सालची."

कारकून चांगला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की ही खिडकी आत्ताच्या युद्धाची आहे. जुन्या लढायांसाठी जुने कागद लागतील. कागद? बायकोने जाळले. सरकारी दप्तरात असतील? ते दप्तर होतं ती इमारतच जळाली. आधीची पाटी परत केली तर त्यावरून नवी देता येईल. ती कापून खरकट्यात गेली. साक्षीदार? मी पुढे झालो. म्हटलं, मी यांचा पाय करतो, मला ठाऊक आहे.

"भाई," कारकून नम्रपणे म्हणाला, "तू पाय ओळखतोस. लढाई कशी ओळखणार?"

मग तो खिडकीतून पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, गेल्या ऑगस्टनंतरची कुठलीही तारीख सांगा. मी लिहितो. कुणी विचारणार नाही. सगळ्यांनीच भोगलंय."

अबू फहदना हवी होती ती पाटी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. लंगडायचंही कारण नव्हतं. मी मनातल्या मनात म्हटलं, सांगा, सांगून टाका. त्यांनी मागे वळून पाहिलं. आमच्या मागे चाकाच्या खुर्चीत एक तरुण होता, दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. त्याचे साचे मी त्याच आठवड्यात काढले होते. त्याने मला ओळखलं आणि मान हलवली.

अबू फहद रांगेतून बाहेर झाले. "ये, पुढे ये," त्यांनी त्या तरुणाला सांगितलं आणि काठी टेकत दुसऱ्या खिडकीकडे निघाले.

मी मागे धावलो. "अहो, तो देतोय ना!"

"त्या खिडकीवर खोटं बोललो तर या पोराच्या ताटातलं उचलल्यासारखं होईल. खोटंच बोलायचं तर ज्यात कुणाचं काही जात नाही असं बोलतो."

"मग पाटीच नको घेऊ या."

"आणि चालू किती? मी म्हातारा झालोय, सदीक."

दुसऱ्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "कारण?" मी तोंड उघडलं, पण अबू फहदनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"सुक्कर," ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं, शिक्का मारला, कागद सरकवला. मग वर बघितलं. समोर वाळलेला म्हातारा माणूस, काठीवर भार दिलेला. त्यांना कणव आली असावी.

"काका, आता गोड बंद करा हं. दुसरा पाय सांभाळा."

अबू फहदनी काठी माझ्या हातात दिली. खांदे मागे गेले. दोन टाचा एकमेकींना लागल्याचा आवाज आला, एक त्यांची आणि एक माझी. सैन्यात हुकूम मिळाला की देतात तसं त्यांनी उत्तर दिलं.

"हाजिर!"

बाईंनी पुढचा नंबर पुकारला.